हिरो नको, निळू फुले व्हा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी निळूभाऊंचं नाव घेतलं आणि दोन मिनिटांत विषय गुंडाळला. व्हिडिओत तेवढंच बसतं. पण मुद्दा मोठा आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी मत सांगून टाकतो. धंद्यावरच्या कुठल्याही भाषणात उदाहरणं हिरोंची असतात. धीरूभाई, टाटा, स्टीव्ह जॉब्स. ऐकायला भारी वाटतं, अंगावर काटा येतो. पण नंदुरबारात दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेणाऱ्या पोराला, किंवा शहाद्यात शिलाई मशीन टाकणाऱ्या ताईला सोमवारी सकाळी त्याचा उपयोग काय? त्यांच्या कामाचं उदाहरण हिरोचं नाही, चरित्र अभिनेत्याचं आहे. पोस्टरवर ज्याचा फोटो छोटा, पण ज्याच्याशिवाय पिक्चर उभा राहत नाही, असा माणूस. मराठीत असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. नीळकंठ कृष्णाजी फुले, म्हणजे आपले निळूभाऊ.

नव्या पोरांना ते फक्त मीममधून माहीत आहेत. पांढरी टोपी, धोतर, घोगरा आवाज, वाकडी नजर. त्या मीमच्या मागे चाळीस वर्षांची कारकीर्द आहे, आणि ती धंदेवाल्याच्या नजरेतून बघण्यासारखी आहे.

न उघडलेली नर्सरी

निळूभाऊंनी तरुणपणी पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्ये माळी म्हणून काम केलं. पगार महिना 80 रुपये. त्यातले 10 रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. म्हणजे पगाराचा आठवा हिस्सा.

त्यांना स्वतःची नर्सरी काढायची होती. रोपांची, कलमांची. काम हाताला येत होतं, आवडही होती. पण भांडवल नव्हतं, म्हणून नर्सरी झाली नाही.

इथे मोटिव्हेशनवाला वक्ता काय सांगेल, तुम्हाला माहीत आहे. "स्वप्न मोठं असेल तर पैसा आपोआप येतो." मित्रांनो, येत नाही. भांडवल नसल्यामुळे चांगले धंदे सुरूच झाले नाहीत, अशी माणसं आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली सापडतील. निळूभाऊंची नर्सरी झाली नाही यात त्यांच्या जिद्दीचा दोष नव्हता.

मग माझा प्रश्न असा की, भांडवल नसताना त्यांच्याकडे काय होतं? त्यांच्याकडे सराव करायला एक जागा होती.

बिनभाड्याचा सराव

ती जागा म्हणजे राष्ट्र सेवा दलाचं कलापथक. गावोगाव जायचं, चौकात नाहीतर शाळेच्या पटांगणात लोकनाट्य करायचं. 1957 च्या निवडणुकीच्या काळात निळूभाऊंनी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हे लोकनाट्य स्वतः लिहिलं. पु. ल. देशपांड्यांच्या 'पुढारी पाहिजे'मधल्या रोंगेच्या कामाने लोक त्यांना ओळखू लागले. नंतर शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची' आलं आणि त्याचे 2000 हून जास्त प्रयोग झाले.

2000 हा आकडा जरा थांबून वाचा. रोज एक प्रयोग धरला, एकही सुट्टी नाही, तरी साडेपाच वर्षं लागतात. रोज नवं गाव, नवं गिऱ्हाईक. कुठल्या वाक्याला सोलापूर हसतं आणि कुठल्या वाक्याला खानदेश गप्प बसतो, हे त्या माणसाला कुठल्या सर्वेशिवाय कळत गेलं असणार. पहिला चित्रपट, अनंत मानेंचा 'एक गाव बारा भानगडी', आला 1968 मध्ये. त्यातला झेलेअण्णा गाजला. म्हणजे 1957 पासून मोजलं तर कॅमेऱ्यासमोर यायच्या आधी अकरा वर्षांची तयारी झाली होती.

आता आपल्याकडे बघा. धंदा सुरू करायचा म्हटलं की पहिला खर्च कशावर होतो? फर्निचर, काच, एलईडी बोर्ड. समजा 3 लाखांचं लोन काढलं, 12 टक्के व्याज, तीन वर्षं मुदत. हप्ता जवळजवळ 10 हजार बसतो. मालावर 15 टक्के सुटत असतील तर नुसता हप्ता भरायला महिन्याला 66 हजारांच्या वर विक्री हवी. भाडं, लाइट बिल, पोराचा पगार अजून बाकीच आहे. आणि गिऱ्हाईकाला नेमकं काय हवं हे अजून कळलेलंच नाही! म्हणजे शिकण्याची फी आपण व्याजासकट भरतोय.

आपल्याकडेही बिनभाड्याची, नाहीतर अगदी कमी भाड्याची स्टेजं आहेत. गावोगावचे आठवडे बाजार, सारंगखेड्याची यात्रा, होळीच्या आधी सातपुड्यात भरणारे भोंगऱ्या बाजार. एक टेबल, एक चादर, गोणीभर माल. तीन महिने असं फिरा. कोण काय उचलून बघतो, भाव ऐकून कोण खाली ठेवतो, कोण परत येतो, हे वहीत लिहा. ते झालं तुमचं कलापथक. गाळा नंतर घ्या, मीच शटरला नारळ फोडायला येतो.

शाळा एक, रस्ते दोन

सेवा दलाच्या कलापथकात वाढलेला आणखी एक माणूस तुम्हाला माहीत आहे, दादा कोंडके. दादांनी 1971 मध्ये 'सोंगाड्या' स्वतः काढला. स्वतः निर्माते, स्वतः हिरो. पुढे त्यांचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले आणि नाव गिनीज बुकात गेलं. त्याच 'सोंगाड्या'त निळूभाऊही होते, पण सहकलाकार म्हणून.

दोघंही मोठे. मी कुणाला कमी लेखत नाहीये. पण रस्ते वेगळे होते. दादांनी जोखीम घेतली, मालकी घेतली, नफा-तोटा अंगावर घेतला. निळूभाऊंनी स्वतःचं कौशल्य इतकं पक्कं केलं की पिक्चर कुणाचाही असो, त्यांना बोलावणं यायचंच. नवा निर्माता असो की जुना, ग्रामीण तमाशापट असो की तेंडुलकरांची पटकथा. पुढे हिंदीतही 'कुली' आणि 'सारांश' आले.

आपल्यापैकी शंभरात दोन-तीन जण दादा होतील, त्यांना माझा सलाम. बाकी सत्त्याण्णवांनी काय करायचं? त्यांनी हरलो असं समजायचं का? मला हे मान्य नाही. बांधकामवाला जो प्लंबर पहिल्यांदा बोलावतो, लग्नघर ज्या केटररला तारीख ठरायच्या आधी फोन करतं, दहा टेलर ज्याच्याकडून अस्तर आणि चेन नेतात, ती सगळी या धंद्यातली चरित्र भूमिका आहे. पोस्टर नाही, पण काम बारमाही.

शिक्का बसला की घाबरायचं का?

माझ्या बॅचमध्ये हमखास येणारी तक्रार म्हणजे, "सर, लोक मला फक्त अमुकवाला म्हणतात." मिरचीवाला, झेरॉक्सवाला, ब्लाउजवाली ताई. म्हणणाऱ्याचा चेहरा पडलेला असतो. त्याला वाटतं आपण अडकलो.

निळूभाऊंवरचा शिक्का बघा. गावचा बेरकी पाटील, सरपंच, साखर कारखान्याचा चेअरमन, बायकांवर वाईट नजर ठेवणारा. हा शिक्का इतका पक्का होता की खेड्यापाड्यात बायका त्यांना बघून बोटं मोडायच्या, असे किस्से प्रसिद्ध आहेत. नटासाठी याहून मोठी पावती कुठली! पण माणसासाठी ही किंमतही मोठी आहे. ज्याने आयुष्यभर समतेच्या चळवळीत काम केलं, त्याला रस्त्यावर शिव्या मिळायच्या.

तरी त्यांनी तो शिक्का झटकला नाही. मला वाटतं बरोबर केलं. शिक्का म्हणजे गिऱ्हाईकाच्या डोक्यात तुमच्यासाठी राखून ठेवलेली जागा. नवापूर म्हटलं की तूरडाळ, धडगाव म्हटलं की आमचूर, सारंगखेडा म्हटलं की घोडे, नंदुरबार म्हटलं की मिरची. या गावांना कुणी म्हणतं का की तुम्ही अडकलात? ती ओळख तयार व्हायला पिढ्या गेल्या. तुम्हाला पाच वर्षांत 'अमुकवाला' म्हणत असतील तर पेढे वाटा.

शिक्का वाईट नसतो. त्याच्यावर बसून राहणं वाईट. निळूभाऊ बसून राहिले नाहीत, ते इथून पुढे.

आधी त्याच कामात खोल जा

1975 चा 'सामना'. निर्माते रामदास फुटाणे, लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल. निळूभाऊंची भूमिका कुठली? तीच! गावचा पुढारी, सहकारी साखर कारखान्याचा सर्वेसर्वा, हिंदूराव धोंडे पाटील. समोर डॉ. श्रीराम लागूंचे दारूत बुडालेले मास्तर, मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं हा एकच प्रश्न लावून धरणारे.

वरून बघितलं तर जुनाच माल. टोपी तीच, धोतर तेच. पण हा पाटील आरडाओरडा करत नाही. तो मास्तरांना घरी ठेवून घेतो, पाजतो, प्रेमाने वागवतो. तो गोड वागतो म्हणून त्याची जास्त भीती वाटते. शेवटाकडे तो खचतो तेव्हा त्याची कीवही येते. त्या वर्षी 'सामना' बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला. पुण्या-कोल्हापूरकडचा, धोतर नेसलेला साखरेचा पाटील बर्लिनला पोचला, आणि तो टोपी न बदलता पोचला!

धंद्याचा सगळ्यात मोठा धडा मला इथे दिसतो. आपल्याकडे दुकान जरा चालायला लागलं की लगेच दुसरी लाइन टाकायची घाई. स्टेशनरीवाला मोबाइल कव्हर ठेवतो, मग कोल्ड्रिंक, मग रिचार्ज. शेवटी कपाटात सगळं थोडं थोडं, आणि गिऱ्हाईकाला हवी ती वही नेमकी संपलेली. त्यापेक्षा तुमचं जे नाव झालंय त्यातच खोल जा. माझ्या ओळखीतल्या एका टेलरने फक्त शाळेचे गणवेश धरले. मग त्यातच मापांचं रजिस्टर ठेवलं, पुढच्या वर्षी वाढणाऱ्या पोरांसाठी आत दुमड जास्त सोडली, जूनमध्ये तुटलेली बटणं फुकट लावून दिली. लाइन एकच, पण त्या लाइनमध्ये त्याच्या जवळपास कुणी नाही.

मग दुसरी भूमिका

विश्वास बसला की मात्र बाहेर पडायचं. निळूभाऊंनी तेही केलं. 'सखाराम बाइंडर' 1972 चं नाटक. लेखक तेंडुलकरच, दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचं, चंपाच्या भूमिकेत लालन सारंग. नाटकावर वादळ उठलं, सेन्सॉरने कात्री लावायला सांगितली, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. असं नाटक घेणं म्हणजे चालू गिऱ्हाईक नाराज होण्याची जोखीम. ज्याचं नाव लोकनाट्यात झालं, त्याने ती घेतली.

जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त'मध्ये तेच निळूभाऊ गांधीवादी अप्पाजी झाले. आणि 1979 च्या 'सिंहासन'मध्ये? सगळे पुढारी दुसऱ्यांनी केले आणि निळूभाऊ झाले पत्रकार दिगू टिपणीस. सगळा खेळ बघणारा, बोलू न शकणारा, आतून पोखरत जाणारा माणूस. ज्याला आपण सत्तेच्या खुर्चीत बघायला सरावलो होतो, तो खुर्चीसमोर वही घेऊन उभा. हे प्रेक्षकांनी स्वीकारलं, कारण आधीच्या कामाची पत जमा होती.

क्रम लक्षात घ्या. आधी सराव, मग ओळख, मग त्याच कामात खोली, मग नवं काम. बहुतेक दुकानं बंद पडतात ती क्रम उलटा केल्यामुळे, असं मला वाटतं. पहिल्या महिन्यातच नवं काम, ओळख व्हायच्या आधी बोर्ड, आणि सराव कधीच नाही.

पडद्यावरचा माणूस आणि गल्ल्यावरचा माणूस

निळूभाऊ पडद्यावर लबाड होते, पण त्यांच्या शब्दावर कार्यकर्ते विश्वास ठेवायचे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते होते. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंसारख्या कलाकारांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, गावोगावच्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. त्यातही निळूभाऊ होते. 80 रुपयांतले 10 देणारा माळी पुढेही तसाच राहिला.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाहीये, हिशोब म्हणून सांगतोय. छोट्या गावात तुमची जाहिरात काय म्हणते यापेक्षा तुम्ही उधारी कशी मागता, तोलताना हात कसा असतो, व्यापाऱ्याचे पैसे सांगितल्या दिवशी देता की नाही, यावर तुमचं नाव ठरतं. सुरतचा ठोक व्यापारी पुढच्या खेपेला उधारीवर माल देईल की नाही, हे तुमच्या रीलवर ठरत नाही. तुम्ही मागचं बिल कधी दिलं त्यावर ठरतं.

याची दुसरी बाजू

एकच बाजू सांगितली तर मीही मोटिव्हेशनवाला होईन. म्हणून हे पण वाचा.

एक, चरित्र अभिनेत्याला हिरोचे पैसे मिळत नाहीत. आपल्या रस्त्यात एका रात्रीत बंगला होत नाही. घरच्यांना हे आधी सांगा, म्हणजे दुसऱ्या वर्षी भांडणं होणार नाहीत.

दोन, ओळख झाली की लोक तुम्हाला स्वस्तात वापरून घेतात. निळूभाऊंना कितीतरी चित्रपटांत नुसता ठोकळेबाज पाटील मिळाला, ज्यात त्यांच्या ताकदीचं काहीच नव्हतं. पोटासाठी अशी कामं करावी लागतात, तुम्हालाही लागतील. पण वर्षातून एक तरी काम असं धरा की ज्यात तुमचं खरं कसब दिसेल, मग त्यात पैसा थोडा कमी सुटला तरी चालेल.

तीन, मान उशिरा मिळतो. संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना 1991 मध्ये मिळाला, म्हणजे 'एक गाव बारा भानगडी' नंतर तेवीस वर्षांनी. 13 जुलै 2009 ला निळूभाऊ गेले. इतकी वर्षं झाली, तरी तो आवाज कुणी काढला की माणूस लगेच ओळखतो. किती हिरोंचा आवाज असा आठवतो तुम्हाला?

या आठवड्याचं काम

वही घ्या आणि चार ओळी लिहा.

1. माझं कलापथक कुठलं? भाडं न भरता किंवा कमी भाड्यात मी कुठे विकून बघू शकतो?

2. लोक मला कुठला 'वाला' किंवा 'वाली' म्हणतात? माहीत नसेल तर पाच गिऱ्हाईकांना विचारा. उत्तर आवडलं नाही तरी लिहा.

3. त्याच एका कामात पुढच्या तीन महिन्यांत मी कुठली एक गोष्ट इतरांपेक्षा चांगली करेन?

4. मागचं कुठलं देणं थकलंय? तारीख टाका.

नवी लाइन, नवा बोर्ड, दुसरी शाखा यांचा विचार या चार ओळी भरल्यावर. आणि रविवारी वेळ मिळाला तर 'सामना' बघा, घरच्यांबरोबर बघा. हिंदूराव मास्तरांशी बोलताना आवाज किती खाली ठेवतो, तेवढं नीट ऐका. गिऱ्हाईकाशी बोलताना तो हिंदूरावचा कावा नको, पण निळूभाऊंची तयारी मात्र हवी.

भेटू पुढच्या आठवड्यात. बोहनी चांगली होवो!